अक्षता पडताना फोकस कुठं जातो? मिररलेसचा ऑटोफोकस पारखण्याबद्दल

गोरज (परभणी)

नमस्कार मंडळी.

तुळशीचं लग्न झालं आणि आमचा लग्नाच्या फोटोंचा हंगाम सुरू झाला. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) आता थकलाय, म्हणून यंदा बिनआरशाचा, म्हणजे मिररलेस घ्यायचं ठरवलं. दोन कॅमेरे डोळ्यांसमोर आहेत, दोन्ही भाड्यानं आणून वापरून पाहिले. त्यांतला कोणता घ्यावा हे विचारायला हा धागा नाही. ऑटोफोकस चांगला की वाईट हे ठरवायचं कसं, यावर बोलायचंय. माझी पारखच चुकीची होती असं मला आता वाटायला लागलंय.

वर्षभर मी चाचण्यांचे व्हिडिओ पाहिले. बहुतेकांत एकच प्रकार असतो. कुणीतरी कॅमेऱ्याकडं चालत येतं, डोळ्यावर छोटी चौकट चिकटलेली असते, ते मान वळवतं, चौकटही वळते. चौकट सुटली नाही की कॅमेरा पास. मीही घरी तसंच करून पहिला कॅमेरा जवळजवळ पक्का केला होता.

मग गोरज मुहूर्ताचं लग्न आलं. ८५ मिमीची लेन्स, एफ/१.८ (आकडा लहान, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं), मुलगी माझ्यापासून दोनेक मीटरवर. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या, लाल-पिवळ्या रंगवलेल्या. शेवटचं ‘सावधान’ झालं, आंतरपाट खाली आला, मी बटण दाबून धरलं. त्या क्षणाच्या सात फ्रेम माझ्याकडं आहेत. पहिल्या दोन अशा की पापण्या मोजून घ्याव्यात. तिसरीत ज्वारीचा एक लाल दाणा हवेत थांबलाय, अगदी कातीव, आणि मुलगी मागं विरघळलीय. चौथी-पाचवीत काहीच धारदार नाही. दाणा निघून गेला, पण फोकस त्याच्याच जागी हवेत लटकत राहिला. सहावीत मुंडावळ्यांचे मणी स्पष्ट, डोळे मऊ. सातवीत परत डोळ्यावर. सेकंदाला दहा फ्रेमच्या हिशेबानं फोकस सुटून परत येईपर्यंत अर्धा सेकंदही गेला नाही. पण तिनं नवऱ्या मुलाकडं पहिल्यांदा वर पाहिलं ते नेमकं चौथ्या-पाचव्या फ्रेममध्ये.

आणि मला सगळ्यात लागलं ते हे: चौथी-पाचवी काढताना व्ह्यूफाइंडरमध्ये चौकट डोळ्यावरच होती.

दुसरा कॅमेरा दोन दिवसांनी दुसऱ्या लग्नात नेला. तोही दाण्यावर गेला, पण पुढच्याच फ्रेमला परत आला. मात्र हार घालताना तो मागं उभ्या असलेल्या मामांच्या चेहऱ्यावर गेला आणि मी बटण सोडून पुन्हा धरेपर्यंत तिथंच बसला. आता या दोघांत कुणाला चांगलं म्हणायचं? नुसती टक्केवारी काढली तर दोघे सारखेच येतील. तुम्ही मंडळी कसं मोजता?

फिल्मवाला (लातूर)

गोरज, लिहिलंस ते डोळ्यांपुढं उभं राहिलं. चाळीस वर्षं स्टुडिओ चालवतोय, म्हणून थोडं मागचं सांगतो.

आम्ही शिकलो तेव्हा व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी दुभंगलेला गोल असायचा. नाकाची रेघ वर-खाली तुटलेली दिसायची, रिंग फिरवून ती जुळवायची. जुळली की बटण. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला, ऑटोफोकसची मोटर बॉडीतच, आणि तिथून ही शर्यत सुरू झाली. पण डीएसएलआरचा फोकस मोजणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली बसवलेला. फोटो घेणारा सेन्सर वेगळा. दोघांच्या अंतरात केसाइतका फरक पडला तरी फोकस सतत नाकावर नाहीतर कानावर जायचा. आम्ही प्रत्येक लेन्स बॉडीवर लावून, तिरकी पट्टी ठेवून, मेनूत आकडे कमी-जास्त करत बसायचो.

मिररलेसमध्ये मोजणारा आणि टिपणारा सेन्सर एकच. ते दुखणं गेलं. त्यामुळं आमची जुनी सवय, म्हणजे स्थिर पट्टीवर फोकस नेमका बसतो का ते बघायचं, ती आता फार काही सांगत नाही. उभ्या माणसावर आजचा जवळजवळ प्रत्येक कॅमेरा बरोबर बसतो. फरक पडतो तो हालचालीत आणि मध्ये काही आडवं आलं की.

रेघ (अंबाजोगाई)

फिल्मवाला काकांच्या दुभंगलेल्या गोलाचाच धागा पुढं नेतो. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं थोडं लांबेल.

सेन्सरवरचा फेज डिटेक्शन म्हणजे तोच दुभंगलेला गोल, फक्त शेकडो ठिकाणी आणि कॅमेराच वाचतो. काही पिक्सेल लेन्सच्या डाव्या बाजूनं आलेला प्रकाश बघतात, काही उजव्या बाजूनं आलेला. दोन्ही चित्रं जुळली तर फोकस बरोबर. सरकलेली असतील तर कोणत्या दिशेनं आणि किती सरकली यावरून लेन्स कुठं न्यायची ते एका झटक्यात कळतं. कॉन्ट्रास्ट पद्धतीत ही दिशा कळत नाही. लेन्स थोडी पुढं, थोडी मागं नेत सर्वांत धारदार जागा शोधावी लागते. निकॉनच्या १ मालिकेतल्या मिररलेसवर २०११ मध्ये सेन्सरवरचे फेज डिटेक्शन पिक्सेल आले, २०१३ च्या कॅनन ७०डी मध्ये प्रत्येक पिक्सेलच दोन भागांत वाटून हे काम होऊ लागलं. पॅनासॉनिकनं बरीच वर्षं कॉन्ट्रास्टवर आधारित स्वतःची पद्धत ठेवली आणि २०२३ मध्ये एस५ मार्क टू पासून फेज डिटेक्शन घेतलं.

आता यातून निघणारी एक चाचणी, जिला खर्च नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत ही जोडी डावी-उजवी असते. म्हणून उभ्या रेघांवर फोकस पटकन बसतो, निव्वळ आडव्या रेघांवर गडबडतो. रविवारी दुपारी बाजार बंद असताना एखाद्या दुकानाच्या ओढलेल्या शटरसमोर उभे राहा. त्याच्या पन्हळी आडव्या. कॅमेरा आडवा धरून मधल्या एका बिंदूनं फोकस करा, मग कॅमेरा उभा धरून करा. कित्येक कॅमेरे आडवे धरल्यावर चाचपडतात आणि उभे धरल्यावर लगेच बसतात. लग्नात नऊवारीचे आडवे काठ, जिन्याच्या पायऱ्या, स्टेजच्या मागची आडवी झालर, सगळीकडं हे भेटतं. ओएम-१ सारख्या मोजक्या कॅमेऱ्यांत दोन्ही दिशांना वाचणारे पिक्सेल आहेत.

दुसरं, गोरज यांच्या सात फ्रेमबद्दल. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ/१.८, दोन मीटर: स्पष्टतेची खोली, म्हणजे जेवढ्या पट्ट्यात सगळं धारदार दिसतं ती, साधारण ६ सेंमी. म्हणजे डोळ्याच्या पुढं ३, मागं ३. मुंडावळ्यांचे मणी कपाळावरून सुटून गालापुढं लोंबतात, ते नेमके त्या काठावर किंवा त्याच्या बाहेर. चार मीटरवर तीच खोली २४ सेंमी होते, अंतराच्या वर्गानं वाढते. म्हणून दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना अंतर, लेन्स आणि छिद्र सारखं नसेल तर तुलनेला अर्थ नाही. एकानं दोन मीटरवरून काढलं आणि दुसऱ्यानं चार मीटरवरून, तर दुसऱ्याला चौपट सूट मिळाली.

किटलेन्स (नांदेड)

सर, तुमचं समजलं. पण माझ्यासारख्याचं काय? माझ्याकडं बॉडीसोबत आलेलीच लेन्स आहे, लांब टोकाला एफ/६.३. पुढच्या महिन्यात माळेगावच्या यात्रेत घोडे आणि कुस्त्या काढायच्यात. बॉडीच्या माहितीपत्रकात उणे अमुक ईव्हीपर्यंत (ईव्ही म्हणजे उजेडाचं माप) फोकस होतो असं लिहिलंय. मग संध्याकाळी का अडखळतो? कॅमेरा खराब आहे का? बदलून घेऊ का?

तुळजाई (धाराशिव)

@किटलेन्स, बदलू नकोस भाऊ. आधी तो आकडा कसा काढतात ते बघ.

माहितीपत्रकातला उणे ईव्हीचा आकडा बहुतेक वेळा मोठ्या छिद्राची लेन्स लावून दिलेला असतो, खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं. कॅनन आर६ चा उणे ६.५ हा आकडा एफ/१.२ लेन्सचा आहे. एफ/१.२ आणि तुझी एफ/६.३ यांत जवळपास पाच स्टॉपचा फरक (दर स्टॉपला उजेड निम्मा). तेवढा उजेड सेन्सरपर्यंत पोचतच नाही. शिवाय छिद्र बारीक झालं की डाव्या-उजव्या चित्रांतला फरकही कमी होतो, मोजणं अवघड होतं.

आणि खरं सांगू? मांडवात तो आकडा कामाचाच नाही. आयएसओ ३२००, १/२०० सेकंद, एफ/२.८ असं जिथं काढता येतं तिथला उजेड साधारण साडेपाच ईव्ही भरतो. उणे सहा म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा जास्त काळोख. आपण कुणी चांदण्यात लग्नं काढत नाही. मांडवात फोकस अडतो तो उजेड कमी म्हणून कमी, आणि उजेड विचित्र म्हणून जास्त. मुलीच्या मागं एलईडीची भिंत पेटलेली, चेहरा अंधारात, वरून निळा-जांभळा पार लाईट गोल फिरतोय. निळ्या उजेडात गव्हाळ चेहऱ्यावर डोळ्याची कड राहतच नाही. घरी खिडकीजवळ पास झालेले कॅमेरे तिथं चाचपडताना मी पाहिलेत.

माझी पारख हळदीला होते. चेहरा सगळा पिवळा, भुवया माखलेल्या, वरून पदर, बायका मध्येच हात घालतायत. चेहरा ओळखण्याच्या सोयीला हे सगळं परकं आहे. हळदीत जो डोळा सोडत नाही तो माझ्यासाठी चांगला. यासाठी नवरीच लागते असं नाही. घरात कुणाच्याही चेहऱ्याला बेसन लावा आणि डोक्यावर ओढणी घ्यायला सांगा.

नाथसागर_काठ (पैठण)

लग्नाच्या धाग्यात पक्षीवाला घुसतोय, पण प्रश्न एकच आहे.

गोरज, तुम्ही टक्केवारीवर रागावलात, मला ते पूर्ण पटत नाही. टक्केवारी हवीच, फक्त कशाची ते आधी ठरवावं. समजा एक कॅमेरा सेकंदाला २० फ्रेम काढतो आणि त्यातल्या १२ जमतात. दुसरा ८ काढतो, ७ जमतात. टक्केवारीत दुसरा कितीतरी पुढं. पण नदी सुरय पाण्यात सूर मारतो तेव्हा मला त्या एका सेकंदात चोच पाण्याला टेकलेली फ्रेम हवी असते, तिथं १२ बऱ्या. त्यामुळं मी दोन्ही लिहून ठेवतो, शेकडा किती आणि सेकंदाला किती.

यात एक मेनूतला पर्याय घात करतो. प्राधान्य कशाला, फोकसला की बटणाला? बटणाला दिलं तर फोकस झाला नसला तरी फोटो निघतो, टक्केवारी पडते. फोकसला दिलं तर कॅमेरा थांबून थांबून काढतो, टक्केवारी वर जाते आणि फ्रेम कमी होतात. दोन कॅमेऱ्यांत हा पर्याय वेगळा असला तर कॅमेरे तोडीस तोड असूनही निकाल वेगळा येतो. माझ्या ओळखीत दोघांनी यावरूनच चांगले कॅमेरे विकले.

आता आपल्या भागाचं. फेब्रुवारी सरला की सकाळी नऊनंतर जायकवाडीच्या गाळपेऱ्यावर लांबचे फोटो काढून ऑटोफोकस तपासू नका. काळी माती तापते, हवा थरथरायला लागते. शंभर मीटरवरच्या रोहित पक्ष्याच्या पायांना आपोआप लाटा येतात. डोळा कधी धारदार, कधी नाही, आणि आपण म्हणतो फोकस चुकला. तो चुकलेला नसतो. लागोपाठच्या फ्रेम बघितल्या तर पक्ष्याची कड वाकडी-तिकडी हलताना दिसते, आणि पुढं-मागं दुसरं काहीही धारदार सापडत नाही. खऱ्या चुकलेल्या फोकसमध्ये काहीतरी धारदार असतं: पुढचं गवत, मागची लाट, ज्वारीचा दाणा. आणि शटरचा वेग कमी पडला असेल तर सगळे ठिपके एकाच दिशेनं ओढलेले दिसतात. हे तीन वेगळे केल्याशिवाय मोजायला बसूच नये.

रेघ (अंबाजोगाई)

शेवटचा परिच्छेद वाचनखूण म्हणून साठवला. अगदी सहमत.

हलगी (बीड)

मी व्हिडिओवाला. फोटोवाल्यांना चुकलेली फ्रेम डिलीट करता येते, आम्हाला येत नाही. त्यामुळं आमची मोजदाद वेगळी.

वरातीत नवरदेव घोड्यावर, पुढं पोरं नाचायलीत, प्रत्येक सेकंदाला कुणाचा तरी हात नाहीतर फेटा लेन्सपुढून जायलाय. फोटोवाल्याला इथं चपळ फोकस पाहिजे. मला नको. हात आला की फोकस हातावर धावला, हात गेला की परत नवरदेवावर धावला, तर बघणाऱ्याला घेरी येते. मला असा कॅमेरा पाहिजे जो आडवं आलेलं काहीतरी एक सेकंद सहन करतो. ही सहनशक्ती बऱ्याच कॅमेऱ्यांत मेनूतून कमी-जास्त करता येते. दुसरीकडं, मंडपात आईकडून मुलीकडं फोकस न्यायचा तेव्हा तो एकसारखा, न डगमगता गेला पाहिजे. पोचल्यावर पुढं जाऊन मागं येणं, ही जी एक हिसकी बसते, ती मी मोजतो. दहा वेळा आईवरून मुलीवर न्यायचा आणि हिसकी किती वेळा बसली ते लिहायचं.

गोरजदादा, तुमच्या पहिल्या कॅमेऱ्यात ही सहनशक्ती फारच कमीवर ठेवलेली नव्हती ना? भाड्याच्या कॅमेऱ्यात आधीच्या माणसाचं सेटिंग तसंच राहतं.

गोरज (परभणी)

हलगी, तुम्ही बरोबर बोट ठेवलंत. आत्ता कॅमेरा काढून पाहिला. ती सोय ‘लगेच बदल’ या टोकाला होती. आधीच्या भाडेकरूनं खेळाचे सामने काढले असावेत. म्हणजे माझ्या सात फ्रेमचा अर्धा दोष कॅमेऱ्याचा नव्हताच. मी एक चांगलं यंत्र नापास करायला निघालो होतो. पारखायच्या आधी दोन्ही कॅमेरे मूळ सेटिंगवर आणायचे, हे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

काल अंगणात नीट चाचणी केली. बहिणीला खुर्चीवर बसवलं, मुंडावळ्या बांधल्या. लेन्स तीच, एफ/१.८, दोन मीटर दोरीनं मोजून. दोन भाच्यांना ज्वारीनं भरलेलं सूप दिलं आणि बहिणीच्या डोक्यावर मूठमूठ टाकायला सांगितलं. प्रत्येक कॅमेऱ्यावर दहा खेपा, आधी दिवसा, मग दिवेलागणीला एका एलईडी माळेच्या उजेडात. प्रत्येक खेप सुरू करताना मुद्दाम लेन्स जवळच्या टोकाला नेऊन ठेवली, म्हणजे दोघांना सारखीच चढण.

बसून सगळ्या फ्रेम शंभर टक्के मोठ्या करून पाहिल्या. मोजताना मी तीन खुणा केल्या. डोळा धारदार तर टिंब. मुंडावळ्यांवर नाहीतर नाकावर तर अर्धं टिंब. दाण्यावर किंवा हवेत तर फुली. खेपेप्रमाणे ओळी लिहिल्या. ओळ पुरी झाली की चित्रच दिसतं. एका कॅमेऱ्याच्या फुल्या विखुरलेल्या: टिंब टिंब फुली टिंब टिंब टिंब फुली. दुसऱ्याच्या फुल्या घोळक्यानं: टिंब टिंब टिंब टिंब फुली फुली फुली फुली. सगळ्या खेपांची दोघांची बेरीज जवळपास सारखी आली, पण मला विखुरलेल्या फुल्यांचा पाहिजे. विखुरलेल्या फुल्यांत माझा क्षण वाचतो, पुढची फ्रेम हाताशी असते. घोळक्यात सबंध क्षणच जातो. नाथसागर, टक्केवारीबद्दल तुमचं मान्य, पण माझ्या वहीत आता तिच्या शेजारी आणखी एक आकडा असेल: लागोपाठ जास्तीत जास्त किती फुल्या.

नाथसागर_काठ (पैठण)

लागोपाठच्या फुल्या. हे मी इतकी वर्षं केलं नव्हतं. कवड्या धीवर हवेत एका जागी थरथरतो आणि मग सूर मारतो, तिथं नेमका हाच त्रास आहे. थरथरताना सगळी टिंबं, सूर मारला की सलग फुल्या. बेरीज छान येते, हाती काही लागत नाही. जुन्या फाइली काढून ओळी लिहून बघतो.

किटलेन्स (नांदेड)

माझा घोड्याचा प्रश्न राहिला हो. समोरून दौडत येणारा घोडा कसा तपासू? घोडा तर रोज मिळत नाही.

रेघ (अंबाजोगाई)

सायकल घे, मित्रा. एका मित्राला सरळ तुझ्याकडं सायकलवर यायला सांग, ताशी १५ किमी म्हणजे सेकंदाला चार मीटरच्या थोडं वर. सेकंदाला दहा फ्रेम असतील तर दोन फ्रेममध्ये तो ४२ सेंमी पुढं येतो. ८५ मिमी, एफ/१.८ वर आठ मीटरला खोली सुमारे ९५ सेंमी, म्हणजे कॅमेरा एक फ्रेम मागं राहिला तरी झाकून जातं. चार मीटरला खोली २४ सेंमी, तिथं एकही फ्रेम मागं राहून चालत नाही. शिवाय अंतर अर्धं झालं की लेन्सच्या आतल्या काचांना चौपट वेगानं सरकावं लागतं. म्हणूनच सगळे कॅमेरे लांबून येताना छान दिसतात आणि शेवटच्या चार-पाच मीटरमध्ये खरे-खोटे कळतात. व्हिडिओवाले बहुतेक वेळा तिथंच कट मारतात.

तुझ्या एफ/६.३ लेन्सला खोली बरीच जास्त मिळेल, दिवसा उजेडी घोडा काढायला ती पुरेल. फक्त एक लक्षात ठेव. शेवटच्या टप्प्यात अडलं तर दोष बॉडीचा की लेन्सच्या मोटरचा, हे दुसरी लेन्स लावल्याशिवाय सांगता येत नाही. त्याच बॉडीवर मित्राची चांगली लेन्स लावून तीच सायकल पुन्हा बोलाव. आमच्या कॉलेजच्या पोरांनी असं केलं, तेव्हा बॉडी बदलायला निघालेल्या एकाला फक्त लेन्स बदलावी लागली.

फिल्मवाला (लातूर)

कुस्तीचं मी सांगतो. आमच्या भागात दंगली भरपूर काढल्यात. कुस्तीत चेहरा दिसतच नाही. एकाचं डोकं दुसऱ्याच्या काखेत, अंगाला माती, दोन्ही अंगं एकाच रंगाची. डोळा शोधणारा ऑटोफोकस तिथं बावरतो आणि मागं बसलेल्या पंचाच्या चेहऱ्यावर जातो, कारण सबंध चित्रात तोच एक नीट चेहरा. तिथं चेहरा ओळखायची सोय बंद करून मधला छोटा चौकोन वापर आणि तो लंगोटाच्या काठावर किंवा खांद्याच्या कडेवर ठेव. कॅमेरा पारखताना हेही बघ की ही सोय एका बटणावर बंद-चालू करता येते की मेनूत चार पायऱ्या खाली उतरावं लागतं. कुस्ती चीत व्हायला वेळ लागत नाही.

गोरज, तुझ्या मामांचंही हेच उत्तर. नवरीचा चेहरा आधी नोंदवून ठेवायची सोय काही कॅमेऱ्यांत असते. हळदीच्या दिवशी नोंदवू नको, पिवळा चेहरा नोंदेल. साखरपुड्याला नोंदव.

तुळजाई (धाराशिव)

काका, साखरपुड्याचं लक्षात ठेवते.

गोरज, एक पुस्ती. एलईडी माळेखाली तपासलंत ते छान, पण शटर किती होतं? आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. १/५०० वगैरे ठेवलं तर एखादी फ्रेम अंधारी, एखादी उजळ, इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर आडवे पट्टेही. अंधाऱ्या फ्रेममधला डोळा मऊ दिसतो आणि आपण फुली मारतो. १/१०० वर किंवा मेकॅनिकल शटर आणि लुकलुक टाळायची सोय चालू करून एक खेप पुन्हा घ्या.

गोरज (परभणी)

तुळजाईताई, १/४०० होतं. रात्रीच्या ओळींमधल्या काही फुल्या संशयित झाल्या म्हणायच्या. १/१०० ला भाच्यांच्या मुठीतले दाणे ओढलेले दिसतील, पण बहीण तर स्थिर बसलीय, डोळा तपासायला पुरे. आज संध्याकाळी परत सूप काढतो.

नाथसागर, शनिवारी दोन्ही कॅमेरे परत करायच्या आधी एक सकाळ पाण्यावर काढावी म्हणतो. मला उडत्या पक्ष्याचा काहीच सराव नाही. येऊ का पैठणला?

नाथसागर_काठ (पैठण)

या की. रोहित अजून आलेले नाहीत, पण नदी सुरय आणि शेकाटे भरपूर आहेत. उजाडायच्या आधी धरणाच्या भिंतीजवळ पोचा, सूर्य पाठीशी राहील अशी जागा मला ठाऊक आहे. लांब लेन्स माझी वापरा, दोन्ही बॉडींना बसणारे अडॅप्टर नसतील तर आधी कळवा, म्हणजे तुलना फसायला नको. वही मात्र आणा.